जावामध्ये तारीख वाचणं आणि छापणं: पॅटर्नमधल्या अक्षरांपासून लोकेलपर्यंत

तारखेचा पॅटर्न (तारीख कशी लिहायची ते अक्षरांत सांगणारा साचा) बहुतेक जण कुठून तरी उचलतात, एकदा चालवून बघतात आणि पुढच्या कामाला लागतात. गोची अशी की चुकीचा पॅटर्नसुद्धा बहुतेक दिवस बरोबर उत्तर देतो. कॅपिटल वायने छापलेलं वर्ष अकरा महिने बिनबोभाट चालतं आणि डिसेंबरच्या अखेरीस अचानक एक वर्ष पुढे जातं. कॅपिटल डी जानेवारीभर शहाण्यासारखा वागतो आणि १ फेब्रुवारीला ३२ छापतो. अशा चुका चाचणीत सापडत नाहीत, ग्राहकाला सापडतात. म्हणून पॅटर्न पाठ न करता त्यातलं प्रत्येक अक्षर काय मागतं, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

खाली सगळं जावाच्या संदर्भात आहे. पॅटर्नमधली रोमन अक्षरं नावाने लिहिली आहेत: स्मॉल डी, कॅपिटल एम वगैरे. अक्षर किती वेळा लिहायचं ते सोबत दिलं आहे. कोडमध्ये अर्थातच रोमन अक्षरंच टाइप करायची आणि स्मॉल-कॅपिटलचा फरक काटेकोर पाळायचा. इथे अर्धी भांडणं त्याच फरकावरून होतात.

आधी जुनं हत्यार बाजूला ठेवा

२०१४ साली जावा ८ आलं आणि त्यासोबत जावा-टाइम हे पॅकेज आलं. त्यातला डेटटाइमफॉर्मॅटर वापरायचा. जुना सिंपलडेटफॉर्मॅट अजून हजारो प्रकल्पांत आहे, पण नव्या कोडमध्ये त्याला जागा देऊ नये. कारणं दोन. पहिलं, तो थ्रेड-सेफ नाही. स्टॅटिक ठेवून दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरला की एकाची तारीख दुसऱ्याच्या पदरात पडते, तीही कधीतरीच, त्यामुळे पकडणं कठीण.

दुसरं कारण जास्त घातक आहे: तो मुळातच सैल आहे. समजा पॅटर्न दिवस-महिना-वर्ष असा आहे आणि मजकूर आला २०२४-०३-०५. एक्सेप्शन यायला हवं ना? येत नाही. तो २०२४ हा ‘दिवस’ धरतो, ०३ हा महिना, आणि ०५ हे वर्ष, म्हणजे इसवी सन ५. मग त्या मार्चपासून २०२४ दिवस मोजत जातो आणि इसवी सन १० मधली १४ सप्टेंबर ही तारीख निमूटपणे परत करतो. डेटाबेसमध्ये पहिल्या शतकातल्या तारखा दिसल्या, तर संशयित हाच.

डेटटाइमफॉर्मॅटर याच मजकुरावर पहिल्याच रकान्यात अडतो. शिवाय तो बदलता न येणारा ऑब्जेक्ट आहे, त्यामुळे एकदा बनवून स्टॅटिक फायनल ठेवला तरी कितीही थ्रेडनी वापरावा. त्यावर विथलोकेल, विथझोन वगैरे मेथड बोलावल्या की नवा ऑब्जेक्ट मिळतो. तो व्हेरिएबलमध्ये घ्यायला विसरलात तर जुनाच वापरात राहतो आणि तक्रार कुणीच करत नाही.

पहिली पायरी: मजकुरात काय आहे, त्यावरून टाइप ठरवा

पॅटर्न लिहिण्याआधी खरा मजकूर समोर घ्या. दस्तऐवजात काय लिहिलंय ते नको, फाइलमधून प्रत्यक्ष आलेल्या दहा-वीस ओळी घ्या. मग विचारा: यात फक्त तारीख आहे, की वेळही आहे? ऑफसेट, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक, आहे का?

- फक्त तारीख असेल (जन्मतारीख, बिलाची मुदत) तर लोकलडेट.
- तारीख आणि वेळ आहे, पण कुठल्या प्रदेशाची ते लिहिलेलं नाही, तर लोकलडेटटाइम.
- शेवटी +०५:३० सारखं काही असेल तर ऑफसेटडेटटाइम.
- शेवटी कॅपिटल झेड असेल, म्हणजे यूटीसी, तर थेट इन्स्टंट.
- कार्डाच्या मुदतीसारखं नुसतं महिना-वर्ष असेल तर इयरमंथ. तिथे उगाच १ तारीख चिकटवून लोकलडेट बनवू नका.

टाइप चुकला तर पॅटर्न अचूक असूनही काम होत नाही. फक्त तारीख असलेल्या मजकुरातून लोकलडेटटाइम मागितला, तर जावा वेळ शून्य धरत नाही, सरळ नकार देते. वेळ शून्य धरायचीच असेल, तर बिल्डरमध्ये (डेटटाइमफॉर्मॅटरबिल्डर, म्हणजे फॉर्मॅटर तुकड्यातुकड्याने बनवणारा क्लास) पार्सडिफॉल्टिंग वापरून तसं स्पष्ट सांगावं लागतं, किंवा लोकलडेट घेऊन त्यावर अ‍ॅटस्टार्टऑफडे बोलवावं. दुसरा मार्ग वाचायला सोपा.

दुसरी पायरी: अक्षरं

आता मुख्य मुद्दा.

वर्षासाठी तीन अक्षरं आहेत. स्मॉल वाय म्हणजे युगातलं वर्ष (इसवी सनातलं की पूर्वीचं, हे वेगळं सांगावं लागतं), स्मॉल यू म्हणजे सरळ वर्ष, आणि कॅपिटल वाय म्हणजे आठवड्यांवर आधारलेलं वर्ष. तिसऱ्यात वर्षाची सुरुवात १ जानेवारीला होत नाही, पहिल्या आठवड्याच्या पहिल्या वाराला होते. आणि हा ‘पहिला आठवडा’ लोकेलवर, म्हणजे भाषा आणि देश सांगणाऱ्या सेटिंगवर, ठरतो! भारताच्या लोकेलमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो आणि १ जानेवारी ज्या आठवड्यात येते तो पहिला. १ जानेवारी २०२५ ला बुधवार होता. म्हणून भारतीय लोकेल लावलेल्या फॉर्मॅटरमध्ये कॅपिटल वाय २९ डिसेंबर २०२४ या रविवारपासूनच २०२५ छापतो. जर्मनीच्या लोकेलमध्ये तीच चूक सोमवारी, ३० तारखेला सुरू होते. आठवड्यांचे अहवाल बनवत नसाल, तर या अक्षराला हात लावायचं कारण नाही. रोजच्या कामाला स्मॉल यू चार वेळा. स्मॉल वाय का नको, ते पुढे काटेकोरपणाच्या भागात येईल.

महिना म्हणजे कॅपिटल एम, मिनिट म्हणजे स्मॉल एम. दोन वेळा लिहिला तर ०३, तीन वेळा लिहिला तर छोटं नाव, चार वेळा लिहिला तर पूर्ण नाव. महिन्याच्या जागी स्मॉल एम पडला आणि लोकलडेट छापायला गेलात, तर मिनिट नावाचं फील्डच नाही म्हणून एक्सेप्शन येतं, म्हणजे सुटलात. पण लोकलडेटटाइम छापत असाल, तर ५ मार्चची रात्री ११:४५ ची नोंद २०२४-४५-०५ अशी छापली जाते. ४५ वा महिना निदान डोळ्यांना खुपतो. नोंद ११:०७ ची असती, तर जुलै समजून कुणी मान्यही केला असता.

दिवसासाठी स्मॉल डी. कॅपिटल डी म्हणजे वर्षातला कितवा दिवस, त्यामुळे ५ मार्च २०२४ ला तो ६५ देतो. तास चोवीस तासांच्या घड्याळाचा असेल तर कॅपिटल एच, बारा तासांचा असेल तर स्मॉल एच आणि सोबत स्मॉल ए, ज्यातून एएम-पीएम कळतं. स्मॉल एच लिहून स्मॉल ए विसरलात, तर वाचताना एक्सेप्शन येईल. छापताना मात्र काहीच अडणार नाही, आणि दुपारचे तीन व पहाटेचे तीन सारखेच दिसतील. वार हवा असेल तर कॅपिटल ई: तीन वेळा छोटा, चार वेळा पूर्ण.

सेकंदाच्या अपूर्णांकासाठी कॅपिटल एस. इथे जुन्या-नव्यात मोठा फरक आहे. डेटटाइमफॉर्मॅटरमध्ये कॅपिटल एस तीन वेळा लिहिला की दशांशानंतर बरोबर तीनच अंक लागतात. सहा आले तर नकार. सिंपलडेटफॉर्मॅट मात्र .१२३४५६ हे १,२३,४५६ मिलिसेकंद समजतो आणि वेळ दोन मिनिटं तीन सेकंदांनी पुढे ढकलतो. लॉगच्या वेळा दोन-चार मिनिटांनी इकडेतिकडे होत असतील, तर हे आधी तपासा. अंकांची संख्या बदलती असेल, तर बिल्डरमधली अपेंडफ्रॅक्शन ही मेथड शून्य ते नऊ अंक अशा मर्यादेसह वापरावी.

अक्षर किती वेळा लिहायचं, हेही वाचताना महत्त्वाचं. स्मॉल डी दोन वेळा म्हणजे दोन अंक सक्तीचे, मग ५/३/२०२४ पहिल्याच अक्षराला अडतो. स्मॉल डी एकदाच लिहिला की ५ आणि ०५ दोन्ही चालतात. म्हणून माणसांनी हाताने भरलेल्या फॉर्मसाठी एकेरी अक्षर, यंत्राने बनवलेल्या फाइलसाठी दुहेरी.

वर्ष दोनच अंकांत असेल तर सावध. वायच्या किंवा यूच्या जोडीला जावा-टाइममध्ये २००० ते २०९९ एवढीच खिडकी आहे. जन्मसाल ७५ आलं, तर माणूस २०७५ मध्ये जन्माला येतो. अशा वेळी बिल्डरची अपेंडव्हॅल्यूरिड्यूस्ड मेथड घ्या आणि पायाभूत वर्ष द्या. पायाभूत वर्ष १९३० दिलं की १९३० ते २०२९ ही खिडकी मिळते. जुना सिंपलडेटफॉर्मॅट आजच्या मागची ८० आणि पुढची २० वर्षं धरत असे. त्यामुळे जुन्यावरून नव्यावर जाताना हीच जागा गुपचूप बदलते.

उरली चिन्हं. रेघ, तिरकी रेघ, कोलन, मोकळी जागा जशीच्या तशी लिहावी. रोमन अक्षर मजकूर म्हणून हवं असेल (आयएसओ तारखेतला मधला कॅपिटल टी), तर ते एकेरी अवतरणात टाकावं, नाहीतर फॉर्मॅटर बनतानाच अनोळखी अक्षराची तक्रार येते. देवनागरी अक्षरांना अवतरण लागत नाही, कारण राखीव आहेत ती फक्त रोमन. म्हणजे पॅटर्नमध्ये ‘वाजता’ बिनधास्त लिहा. असेल-नसेल असा भाग चौकोनी कंसात घालता येतो, उदाहरणार्थ सेकंद कधी येत असतील, कधी नसतील तर.

तिसरी पायरी: काटेकोर कधी, सैल कधी

नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे ऑफपॅटर्नने बनवलेला फॉर्मॅटर ‘स्मार्ट’ वृत्तीचा असतो. त्याला ३२ एप्रिल चालत नाही, पण ३१ एप्रिल चालतो: तो ३० एप्रिल करून देतो. ३० फेब्रुवारीचंही तेच, महिन्याचा शेवटचा दिवस धरला जातो. कर्जाच्या हप्त्याची तारीख किंवा परीक्षेचा फॉर्म अशा ठिकाणी हा शहाणपणा नको असतो. चुकीची तारीख परत पाठवायची असते. त्यासाठी विथरिझॉल्व्हरस्टाइल वापरून ‘स्ट्रिक्ट’ लावा.

स्ट्रिक्ट लावल्या लावल्या अनेकांचा चालू पॅटर्न बंद पडतो, आणि मग ते स्ट्रिक्टच काढून टाकतात. दोष वर्षाच्या अक्षराचा असतो. स्मॉल वाय हे युगातलं वर्ष, आणि युग कोणतं ते मजकुरात नाही. स्ट्रिक्ट वृत्तीचा फॉर्मॅटर ते गृहीत धरायला तयार नसतो. स्मॉल वाय चारऐवजी स्मॉल यू चार लिहा, प्रश्न मिटला. म्हणूनच पहिल्यापासून यू लिहायची सवय बरी.

चौथी पायरी: लोकेल लिहाच

महिन्याचं नाव, वाराचं नाव किंवा एएम-पीएम पॅटर्नमध्ये असेल, तर लोकेल दुसऱ्या पॅरामीटरमध्ये स्पष्ट द्यायचं. न दिल्यास मशीनचं लोकेल वापरलं जातं, आणि तुमच्या लॅपटॉपवर चाललेला कोड सर्व्हरवर पडतो. इंग्रजी भारत-लोकेलमध्ये एएम-पीएम स्मॉल अक्षरांत असतात, अमेरिकी लोकेलमध्ये कॅपिटल. वाचताना फॉर्मॅटर हा फरक मानतो.

जावाची आवृत्ती बदलली तरी नावं बदलू शकतात. जावा ९ पासून ही नावं युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहातून येतात आणि तो संग्रह सुधारत राहतो. जावा १६ मध्ये ब्रिटिश इंग्रजीतलं सप्टेंबरचं छोटं नाव तीन अक्षरांवरून चार अक्षरांचं झालं, आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. जावा २० मध्ये अमेरिकी इंग्रजीच्या तयार शैलीत एएम-पीएमच्या आधीची साधी मोकळी जागा जाऊन अरुंद, न तुटणारी मोकळी जागा आली. दिसायला तीच, तुलना केली की वेगळी. यंत्राने वाचायचा मजकूर असेल, तर महिना अंकांतच घ्यावा-द्यावा हे उत्तम. ते हातात नसेल, तर लोकेल इंग्रजी, देशाशिवायचं.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. बँकांच्या स्टेटमेंटमध्ये अशी नोंद सर्रास दिसते: ०५, रेघ, महिन्याचं तीन अक्षरी इंग्रजी नाव सगळं कॅपिटलमध्ये, रेघ, २०२४, मग ११:४५ आणि पीएम. यासाठी:

१. डेटटाइमफॉर्मॅटरबिल्डर घ्या.
२. त्यावर पहिल्यांदा पार्सकेसइनसेन्सिटिव्ह बोलवा. क्रम महत्त्वाचा, कारण ही सूचना तिच्यानंतर जोडलेल्या भागांनाच लागू होते.
३. अपेंडपॅटर्नमध्ये लिहा: स्मॉल डी दोन, रेघ, कॅपिटल एम तीन, रेघ, स्मॉल यू चार, मोकळी जागा, स्मॉल एच एक, कोलन, स्मॉल एम दोन, मोकळी जागा, स्मॉल ए एक. एच एकच, कारण काही फाइलींत ९:०५ असं येतं.
४. टूफॉर्मॅटरला इंग्रजी लोकेल द्या आणि त्यापुढे स्ट्रिक्ट वृत्ती लावा.
५. लोकलडेटटाइमच्या पार्सला मजकूर आणि हा फॉर्मॅटर द्या.

यातली क्रमांक २ ची पायरी गाळली तर महिन्याच्या नावापाशीच गाडी थांबते, कारण संग्रहात पहिलं अक्षर कॅपिटल आणि बाकी स्मॉल असं नाव आहे.

एक्सेप्शन वाचायचं कसं

डेटटाइमपार्सएक्सेप्शनचा संदेश लोक वाचतच नाहीत, आणि निदान त्यातच असतं. तीन प्रकार नेहमी दिसतात. ‘अमुक इंडेक्सला पार्स करता आलं नाही’ असं असेल, तर मजकूर आणि पॅटर्न जुळत नाहीत. शून्यापासून मोजून त्या जागेचं अक्षर बघा. ‘अमुक इंडेक्सला न वाचलेला मजकूर उरला’ असेल, तर पॅटर्न अपुरा आहे. बहुधा वेळ किंवा ऑफसेट मागे राहिलाय. आणि ‘टेम्पोरलअ‍ॅक्सेसरमधून अमुक टाइप मिळवता आला नाही’ असं असेल, तर पॅटर्न जुळला, पण टाइपला लागणारी माहिती त्यात नाही. हा तिसरा प्रकार दिसला की पॅटर्नशी झटापट करण्याआधी टाइप, एच-एमचे स्मॉल-कॅपिटल आणि स्ट्रिक्टमधला वाय तपासा.

इंडेक्स शून्य आहे किंवा मजकुराच्या अगदी शेवटी आहे, आणि डोळ्यांना सगळं बरोबर दिसतंय? मग न दिसणारं अक्षर आहे. फाइलच्या सुरुवातीचा बाइट ऑर्डर मार्क, किंवा वेबपानावरून कॉपी करताना आलेली न तुटणारी मोकळी जागा. ही दुसरी ट्रिमने जात नाही आणि जावा ११ मधल्या स्ट्रिपनेही जात नाही, कारण जावा तिला व्हाइटस्पेस मानत नाही. रिप्लेसने नाव घेऊनच काढावी लागते.

अनेक फॉरमॅट येत असतील, तर एकामागून एक पॅटर्न लावून बघण्याचा मोह होतो. वेगवेगळ्या घडणीचे असतील तर हरकत नाही. पण दिवस/महिना आणि महिना/दिवस हे दोन एकाच यादीत कधीही ठेवू नका. ०३/०५/२०२४ दोन्हींत बसतो आणि यादीत जो आधी तो जिंकतो. कोणता क्रम आहे ते फाइल पाठवणाऱ्यालाच विचारायचं.

वेळेचा प्रदेश

इन्स्टंट थेट छापायला गेलात, तर वर्षच माहीत नाही अशी तक्रार येते. ती रास्तच आहे: क्षण एकच असला तरी तारीख जागेवर अवलंबून असते. यूटीसी ४ मार्चचे रात्रीचे ८ म्हणजे मुंबईत ५ मार्चचे पहाटेचे दीड. फॉर्मॅटरला विथझोनने एशिया/कोलकाता द्या. सर्व्हर यूटीसीवर असेल आणि झोन दिला नसेल, तर मध्यरात्र ते साडेपाच या वेळेतले सगळे व्यवहार आदल्या दिवसाच्या अहवालात जातात. हिशोब न जुळण्याचं हे नेहमीचं कारण.

आयएसटी हे संक्षिप्त रूप वाचण्याच्या भानगडीत पडू नका. भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघेही ते वापरतात. ऑफसेटसाठी कॅपिटल एक्स तीन वेळा लिहिला की +०५:३० मिळतो, दोन वेळा लिहिला की कोलनशिवाय. कॅपिटल एक्स शून्य ऑफसेटला झेड छापतो, स्मॉल एक्स अंकच छापतो. आणि कोडमध्ये साडेपाच तास हाताने मिळवण्यापेक्षा झोनचं नाव का बरं? दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारतात घड्याळं यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. झोनच्या तक्त्याला ते माहीत असतं.

मराठीत छापायचं असेल तर

लोकेल मराठी-भारत आणि पॅटर्न असा: कॅपिटल ई चार, स्वल्पविराम, मोकळी जागा, स्मॉल डी एक, मोकळी जागा, कॅपिटल एम चार, मोकळी जागा, स्मॉल यू चार. यातून ‘मंगळवार, ५ मार्च २०२४’ अपेक्षित आहे, पण वार आणि महिना मराठीत येतात आणि अंक इंग्रजीच राहतात. फॉर्मॅटर अंकांसाठी लोकेल बघत नाही. त्यासाठी डेसिमलस्टाइलच्या स्टँडर्डवर विथझिरोडिजिट बोलवून देवनागरी शून्य द्यायचं आणि ती स्टाइल विथडेसिमलस्टाइलने लावायची. पुढचे नऊ अंक त्यावरून आपोआप मोजले जातात.

हाच फॉर्मॅटर वाचायला वापरलात, तर मात्र तो इंग्रजी अंक नाकारतो. फॉर्म भरणारे दोन्ही प्रकारचे अंक टाकणार हे गृहीत धरा आणि वाचण्याआधी प्रत्येक अंक कॅरॅक्टरच्या गेटन्यूमेरिकव्हॅल्यूने एकाच प्रकारात आणा. महिन्यांच्या नावांत आणखी एक खड्डा आहे: ‘ऑगस्ट’मधला ऑ युनिकोडमध्ये एकच अक्षर आहे (०९११), पण काही जण आ लिहून त्यावर चंद्र देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, नॉर्मलायझर त्यांना एक करत नाही, आणि पार्स पडतं. ही अदलाबदल स्वतःच्या कोडमध्ये करावी. नाहीतर महिना ड्रॉपडाउनमधून घ्यावा, कटकटच नको.

तपासणी आणि जुन्या कोडची सांधेजोड

चाचणीसाठी आजची तारीख वापरू नका. ३१ डिसेंबर २०२४ (कॅपिटल वाय पकडायला), २९ फेब्रुवारी २०२४, ३१ एप्रिल (नाकारली गेली पाहिजे), दिवस १२ च्या पुढचा असलेली एक तारीख, रात्री १२:३० आणि दुपारी १२:३०, आणि बारा महिन्यांची एकेक नोंद एवढं पुरतं. प्रत्येक नोंद छापून परत वाचा आणि मूळ ऑब्जेक्टशी ताडा. चाचणी दोनदा चालवा, दुसऱ्यांदा मशीनचं डीफॉल्ट लोकेल आणि झोन मुद्दाम बदलून.

जुनी लायब्ररी युटिल-डेट (जावाचा जुना तारखेचा टाइप) मागत असेल, तर बदल फक्त सीमेवर करा: टूइन्स्टंट, मग अ‍ॅटझोन, मग टूलोकलडेट. डेटाबेसमधून आलेला एसक्यूएल-डेट मात्र टूइन्स्टंट बोलावला की एक्सेप्शन फेकतो, कारण त्याच्याकडे वेळ नसते. त्याच्यावर थेट टूलोकलडेट आहे. व्हेरिएबलचा टाइप युटिल-डेट लिहिलेला असला, तरी आत एसक्यूएल-डेट असू शकतो, त्यामुळे कंपायलर इथे सावध करत नाही.